चौथं कडवं

शनि., १ फेब्रुवारी

कानात अजून ड्रम वाजतोय. अण्णांना सांगितलं होतं, लॅबमध्ये रिपोर्ट तुंबलेत. आले तेव्हा भाकरी झाकून ठेवलेली, आणि स्वतः माझी वाट बघत बसलेले. म्हणाले, "लई राबवून घेत्यात बाई तुला." 

आज गच्चीवर (कॅनॉटमागचा कॅफे, तिसरा मजला, आम्ही गच्चीच म्हणतो) 'तिसरी पाळी' होती. चौघं वाळूजला कंपनीत आहेत, म्हणून बँडचं नाव हे. पंचवीस खुर्च्या, बाकीचे उभे, पाण्याच्या टाकीखाली ड्रम, बास वाजला की टाकी पण वाजते. मला लई आवडतं. आठवडाभर लोकांच्या दंडात सुया टोचल्यावर दोन तास तिथं उभं राहिलं की अंगातून काहीतरी उतरतं. पहिल्यांदा नाझनीन घेऊन गेली होती, लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर असते ती. आता मीच तिला ओढून नेते.

मधल्या सुट्टीत गाणारा रोहन आम्हा नेहमीच्या लोकांत येऊन बसला. "आपल्याकडचं, जुनं, मराठी काही माहितीय का कुणाला?"

आणि मी गुणगुणले.

कंदील धर गं आई, मला वाचायचं हाय
अंधारात राहून आता भागायचं नाय

रोहनने विचारलं, कुणाचं आहे?

"लोकगीत आहे. आमच्या गावाकडं बायका म्हणतात."

कुठल्या बायका? माझ्या वडिलांचं, अण्णांचं गाणं आहे ते. एस.टी.त मेकॅनिक होते, गाडीखाली पडून नटबोल्ट आवळता आवळता केलेलं. मी ते पाळण्यात ऐकलंय.

सोम., ३ फेब्रु.

लोकगीत का म्हणाले मी, ते एकदा लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

मागच्या एप्रिलची गोष्ट. गच्चीवर मागच्या टेबलावर एक जण म्हणाला, "एप्रिल आला की ही लोकं झोपू देत नाहीत, गाणी लावून." टेबल हसलं. वाईट हेतूनं नव्हे, असंच. मी कोल्ड कॉफी ढवळत बसले. तेव्हापासून तिथं मी नुसती प्रज्ञा. आडनाव कुणी विचारलं की विषय बदलते. त्यात आता हात बसलाय माझा.

आणि अण्णा त्याच गाण्यांतले. 'काशिनाथ आणि पार्टी'. पेटी, ढोलकी, मागून सूर धरणारे तीन झिलकरी. जयंतीच्या महिन्यात आमच्या कन्नडपासून फर्दापूरपर्यंत गावोगाव कार्यक्रम. लहानपणी मी स्टेजच्या कडेला बसून त्यांचे पाण्याचे पेले भरायचे. तेव्हा केवढा रुबाब वाटायचा मला त्यांचा.

लिहून काही गेलं नाही डोक्यातून.

बुध., ५ फेब्रु.

रोहनचा मेसेज: शब्द पाठव ना.

तीन कडवी पाठवली. गाण्याला चार आहेत.

चौथ्यात अण्णांचं नाव आहे. गायन पार्टीवाल्यांत तशी पद्धतच आहे, शेवटच्या कडव्यात गाणं करणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं. ना छापलेलं पुस्तक, ना कॅसेट. गाणं कुणाचं हे त्या एका ओळीवरूनच कळतं.

काशिनाथ म्हणं, माझी लेक शाळेला गेली
कंदिलाची ज्योत तिनं पुढं पुढं नेली

आधी इथं दुसरं काहीतरी होतं. मी पहिलीत गेले त्या वर्षी बदललं.

टाइप केलं होतं. मग खोडलं. अंगठ्याने, एक एक अक्षर. "एवढंच आठवतं," असं लिहिलं खाली.

शनि., १५ फेब्रु.

वाजवलं.

काय वाजवलं! सुरुवातीला नुसती गिटार, जवळजवळ काहीच नाही. मग 'भागायचं नाय'ला ड्रम आला आणि टाकी, खुर्च्या, सगळं थरथरायला लागलं. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा सगळी गच्ची ओरडत होती. तो मागच्या टेबलवाला पण. डोळे मिटून, हात वर करून, "नाय! नाय!" मला आधी हसू आलं, मग कसंतरीच झालं.

रोहन माइकवर म्हणाला, "हे लोकगीत आहे. कवी माहीत नाही. तुमचं आमचं सगळ्यांचं गाणं." टाळ्या. मीही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी माझ्या चालूच होत्या.

नाझनीन म्हणाली, "रो क्यूं रही तू?"

धूर गेला डोळ्यात, म्हटलं. धूर कुठला, कुणी सिगारेटसुद्धा ओढत नव्हतं.

रवि., १६ फेब्रु.

जयंती मंडळाची पोरं आली होती. यंदा गायन पार्टी नको, डीजे सांगितलाय. अण्णांना वाईट वाटू नये म्हणून बिचारी अर्धा तास आडून आडून बोलत होती. अण्णांनीच सोडवलं त्यांना. "बरं झालं बाबांनो. मला बी आता दम धरत नाय. दोन ओळी म्हणल्या की छाती भरून येती."

ती गेल्यावर पेटीवरचं कापड काढलं, पुसली, परत कापड घातलं. वाजवली नाही.

मी ओट्याशी भांडी विसळत उभी. तेव्हा सांगायचं होतं. अण्णा, काल साठ माणसं तुमचं गाणं ओरडून म्हणत होती. एवढंच वाक्य. पण पुढचं वाक्य त्यांनी विचारलं असतं.

शनि., १ मार्च

कुणीतरी व्हिडिओ टाकलाय, आणि तो फिरतोय. आज लॅबच्या रिसेप्शनवरच्या मुलीनंच मला दाखवला. खाली लोकांचे वाद. हे गाणं कुठलं? एकीनं लिहिलंय, "खानदेशातलं आहे, माझी आजी जात्यावर म्हणायची." खोटारडी! असं मी मोठ्यानं म्हणाले, आणि रक्त द्यायला बसलेल्या काकांनी दचकून हात मागे घेतला.

खोटारडी कोण, ते त्या बाईला काय माहीत.

डबा खाताना नाझनीनला सगळं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "तेरे अब्बा का गाना है? और तू नीचे खड़ी रहके ताली बजा रही?"

मग हळू आवाजात, "रोहन को बोल दे ना. क्या कर लेगा वो?"

रोहन काहीच करणार नाही, हे मलाही माहीत आहे. भला मुलगा आहे. उलट उड्या मारेल. मला भीती त्याची नाही. 'लोकगीत' का म्हणालीस, हे तो विचारेल, आणि त्याचं खरं उत्तर मला माझ्या तोंडाने ऐकायचं नाही.

बोलते, म्हटलं.

शनि., ८ मार्च

गेले होते. बोलले नाही. गाणं आता शेवटाला ठेवतात, लोक त्यासाठी थांबतात.

शनि., १५ मार्च

गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून घरी बसले. अण्णांनी बाम चोळून दिला. त्यापेक्षा गेले असते तर बरं.

गुरु., २० मार्च

अण्णांनी ऐकलं.

सलूनमध्ये दाढीला गेले होते, तिथल्या मोबाइलवर लागलं. परवाच. दोन दिवस बोलले नाहीत, आज चहाच्या वेळी बोलले.

"आपलं गाणं म्हणत्यात पोरं. कंदील धर. ठेका जरा पळतोय, पण म्हणत्यात झ्याक. जीव लावून म्हणत्यात."

रागावतील वाटलं होतं. चोरलं म्हणतील, शिव्या देतील. ते तर खुशीत! सलूनवाल्याला तीनदा लावायला लावलं म्हणे. "हे माझं हाय" असं सांगितलं का, विचारलं. तर म्हणाले, "आता कशाला सांगायचं? तोंडाला फेस होता."

मग म्हणाले, "कुणीतरी गावात ऐकलं असंल, तिथनं गेलं असंल. पण शेवटचं कडवं त्यास्नी घावलं नाय बघ. तिसऱ्यावरच सोडत्यात. गाणं उघडं पडतंय तिथं."

मी म्हणाले, हो का.

"तुला मोबाइलमधलं कळतं. कुठं बसत्यात ती पोरं, बघ की जरा. कडवं देऊन येतो म्हणतो."

बघते, म्हटलं. देवा, मी 'बघते' म्हणाले.

मंगळ., २५ मार्च

रोज विचारतात. "घावली का गं पोरं?" मी रोज नवीन थाप. फोन बंद आहे. पुण्याला गेलेत. अण्णा मान डोलावतात. एवढा सरळ माणूस, आणि त्याला मी ह्या वयात कुठं कुठं पळवतेय.

कडवं त्यांनी कागदावर उतरवून घेतलंय. जुन्या डायरीचं पान, हिरवं पेन. शर्ट बदलला की कागद नव्या शर्टच्या खिशात जातो. आज धुण्यात सापडला असता, थोडक्यात वाचला. मला वाटलं, भिजला असता तर सुटले असते. असं वाटलं मला. तारखेसकट लिहून ठेवते.

शनि., ५ एप्रिल

शेवटी सांगितलं. सगळं नाही, पत्ता तेवढा. म्हटलं, सापडली पोरं, कॅनॉटमागं वाजवतात, पुढच्या शनिवारी संध्याकाळी आहेत.

अण्णा म्हणाले, "जिना हाय का?"

"तीन मजले आहेत. अन् शेवटचा लोखंडी, वळणाचा, उभाच्या उभा. तुम्हाला नाही जमायचं."

बोलले आणि जीभ चावली.

अण्णा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "लोखंडी म्हंजे अवघडच." बाकी काही नाही. जिना कसा आहे हे मोबाइलमध्ये दिसत नाही, एवढं त्यांना कळलं नसेल का?

गुरु., १० एप्रिल

जेवताना अचानक, माझ्याकडे न बघता, "ज्यानं कुणी दिलंय, त्यानं तीन कडवी बरोब्बर दिलीत. एक शब्द हिकडचा तिकडं नाय. अशा माणसाला चौथं येतच असणार."

मी वरणात भाकरी कुस्करत होते.

"असू दे," म्हणाले. "वाढ थोडं."

सगळं कळलंय त्यांना. मी ताट तिथंच ठेवून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. बाहेर आले तर त्यांनी माझं ताट झाकून ठेवलं होतं.

माफी मागायची तर काय म्हणून मागू? गाणं दिलं म्हणून ते रागावलेच नाहीत. तुमचं नाव सांगायची मला लाज वाटली, हे म्हणावं लागेल. ते त्यांना ऐकवण्यापेक्षा...

शनि., १२ एप्रिल. संध्याकाळ

घाईत लिहितेय. रिक्षा दारात आहे.

अण्णा चारपासून तयार. पांढरा शर्ट, कार्यक्रमाला घालायचे तो, खिशाला पेन. परवा सोमवारी जयंती. यंदा त्यांना कुठूनच बोलावणं नाही, तरी दाढी अगदी तुळतुळीत.

मी केस विंचरत होते तर खोलीत आले. म्हणाले, "मी वर येत नाय. खाली पानटपरीपाशी थांबतो. तितनं ऐकू येतं का?"

येतं, म्हटलं. लपवायचं आता काय राहिलं होतं? "सगळं येतं, अण्णा. शब्दन् शब्द."

"मग झालं तर. चिठ्ठी तू दे."

आणि कागद माझ्या हातात दिला. तो जुना नव्हे, नवा, चार घड्यांचा. त्यांच्या कार्यक्रमात लोक स्टेजवर पाठवायचे तशी फर्माइशीची चिठ्ठी. अण्णा ती आधी मोठ्यानं वाचायचे, पाठवणाऱ्याच्या पूर्ण नावागावासकट, आणि मगच गाणं म्हणायचे. नाव नसलेली चिठ्ठी बाजूला ठेवायचे. "ज्याला नाव सांगायचं नाय, त्याच्यासाठी कशाला घसा फोडू?" असं माइकवरच म्हणायचे, आणि लोक हसायचे.

वर चौथं कडवं. हिरव्या पेनाने, सावकाश काढलेलं अक्षर. त्याच्याखाली:

फर्माईश, कु. प्रज्ञा काशिनाथ दाभाडे. मु. पो. कन्नड.

मी म्हणाले, "अण्णा, मी त्या दिवशी..."

"वाचून बघ," ते म्हणाले. "अक्षर लागंल ना त्या पोरास्नी?"

लागेल, म्हटलं.

मग चपला घालून बाहेर गेले. रिक्षावाल्याला सांगताहेत, जरा थांबा, लेक येतीय. त्यांचा खोकला इथपर्यंत येतोय. चिठ्ठी वहीवर पडलीय. रोहन नेहमी आलेला कागद माइकवर जसाच्या तसा वाचतो.