चानीचे दात घासले ते मी

बाबा, तू गेलास त्याच्या पाचव्या दिवशी चानीचे दात कुणी घासले, हे तुला सांगायचं राहून गेलंय. पस्तीस वर्षं राहिलं. आत्या होती तोवर तोंड उघडायची सोय नव्हती, कारण या बाबतीत तिचं मत ठरलेलं होतं, आणि आत्याचं मत म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. गेल्या महिन्यात तीही गेली. आता इब्रामपूरच्या माझ्या सासरच्या घरात मी दुपारची बसलेय, नवरा काजूच्या बागेत गेलाय, आणि मी एका जुन्या वहीत मेलेल्या बापाला पत्र लिहितेय. हस, खुशाल हस.

चानी कशी आली ते तुला ठाऊक आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तू म्हणायचास ना, "हिची गाडी नेहमी पहिल्या गिअरात सुटता." लाटंबार्स्याच्या आपल्या घरामागं फणस होता. त्यावरून ते पिल्लू पडलं ते थेट कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, तोंडावर. शाळेच्या पुस्तकात तिला खार म्हणायचे, आपल्या घरात चानी. मी तेव्हा चौदा वर्षांची. आई इतक्या लवकर गेलेली की मला तिचा चेहरा आठवत नाही. घरात तू, मी आणि तुझी विधवा बहीण, आणि आता ही चौथी. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून मी तिला जगवली. आत्या म्हणायची, "स्वताची वेणी घालूक येणा नाय आनी बाळंतपणा करता." पण दूध कोमट करून तीच द्यायची.

आपल्या घरापुढच्या रस्त्यावरून दिवसभर खाणीचे ट्रक जायचे. तांबडी धूळ तुळशीवर, दांडीवरच्या कपड्यांवर, तुझ्या भुवयांत. तू खाणीवरच्या गॅरेजात जीपगाड्या दुरुस्त करायचास आणि संध्याकाळी खोकत घरी यायचास. तुझ्या आंघोळीचं पाणी तांबडं व्हायचं. त्या खोकल्याची मला फार भीती वाटायची, बाबा. तुला कधी बोलले नाही. म्हणून चानीचे दात नारिंगी दिसायला लागले तेव्हा मला वाटलं, हिच्याही अंगात धूळ शिरली! मग मी रोज दंतमंजन लावून बोटानं तिचे दात चोळायचे. अंगणातलं काही म्हणजे काही तिला खाऊ द्यायचे नाही. काजूची बी नाही, करवंटीचा तुकडा नाही, फणसाची साल नाही. पोदेर सकाळी पाव घेऊन आला की त्यातला ताजा गोल उंडा दुधात भिजवायचा आणि मऊ मऊ करून भरवायचा. आधीच पडताना तिचे वरचे दात वाकडे झालेले, खालच्या दातांना ते भिडायचेच नाहीत. त्यात माझा हा मऊ पाहुणचार, दात झिजणार कशानं? खालचे दोन दात वाढत वाढत नाकाला टेकले. ती खायला यायची, तोंड लावायची आणि मागं सरकायची.

मग ते वाढलेले दात कापायला मी नेलकटर घेतलं. अजून तो आवाज कानात आहे. कट्ट झालं आणि दात आडवा तुटायच्या ऐवजी उभा चिरला, पार मुळापर्यंत. रक्त आलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती थरथरत राहिली. तेवढ्यात तू आलास. "ह्या कोणी केला?" मी नेलकटर पाठीमागं लपवलं. "हात दाखय." मी हात पुढं केले तर ते पानासारखे लटलट कापत होते. तू पाहिलंस आणि म्हणालास, "हात कापता तुजो. कापणाऱ्या हातात हत्यार देवचा नाय. आमच्या गॅरेजात नाय आनी ह्या घरात पण नाय. मोग-माया करतंस मगे तिची? ह्या मोगानच मारशीत तिका." त्यापेक्षा तू माझ्या एक कानफटात दिली असतीस तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तू रजा काढलीस. बिस्किटांच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडलीस, चानीला आत ठेवलीस आणि आपण बसनं डिचोलीला गुरांच्या दवाखान्यात गेलो. म्हशी आणि बकऱ्यांच्या रांगेत आपण डबा घेऊन बसलेलो, लोक काय काय विचारत होते. डॉक्टर मात्र शहाणा निघाला. म्हणाला, "कापायचा नाही हो. हा दात बांबूसारखा उभा चिरतो. घासायचा. बारीक कानशीनं, आडवा, थोडा थोडा. वाकडे दात आपणहून झिजणार नाहीत, तेव्हा दर तीन आठवड्यांनी, जन्मभर. चुकवलंत तर उपाशी मरेल." मी धीर करून विचारलं, "आणि ही दातावरची धूळ?" तो हसायला लागला. "धूळ कसली? दात नारिंगी असलेलेच चांगले. पांढरे पडले तर माझ्याकडे घेऊन ये." येताना बसमध्ये तू मला कोपरानं ढोसून म्हणालास, "अगो, ती काय माझ्यावांगडा खाणीर येता?" आणि इतका हसलास की तुला खोकला आला, आणि मी परत घाबरले.

मग ते रविवार सुरू झाले. जीपच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांवरचा काळा थर घासायची तुझी ती कानस, बोटभर लांब आणि अगदी पातळ. ती तू उकळत्या पाण्यात टाकायचास, धुतलेल्या बनियनच्या फडक्यानं पुसायचास. सकाळी दहाला मागच्या पडवीत आपली बैठक. चानीला पंच्यात गुंडाळून धरायची मी. "मान दाबू नको, श्वास घेवंक दी. आंगठो जबड्याच्या मागे." दाताच्या मागं तू सायकलच्या ट्यूबचा तुकडा सरकवायचास, जीभ कापू नये म्हणून. आणि मग घासायचास, इतकं हळू की बघणाऱ्याचा श्वास कोंडावा. खरखर, थांबायचं, दात तापला का बघायचं, परत खरखर. संपलं की चानी तुझ्या खांद्यावर चढून मिशी कुरतडायची. मी किती वेळा विचारलं, "बाबा, एकदा मी?" तुझं एकच उत्तर, "नाय." दोन वर्षं मी धरली आणि तू घासलंस, पण एकदाही ती कानस माझ्या हातात दिली नाहीस. मला तुझा राग यायचा. अजून येतो.

मग तो रविवार, ज्या दिवशी तुला ड्युटी होती. "पुढल्या आयताराक करूया, एका आठवड्यान काय जाता?" म्हणालास आणि गेलास. बुधवारी गॅरेजात जीपखालून बाहेर आलास, छातीवर हात ठेवलास आणि तिथंच बसलास. असं त्यांनी सांगितलं. मी तुला बघितलं ते एकदम पडवीत आणून ठेवलेला.

घर माणसांनी भरलं. मी रडत होते की नाही ते आठवत नाही. शुक्रवारी चानीनं खाणं सोडलं ते मात्र आठवतं. खालचे दात वरच्या ओठात रुतायला लागलेले, तोंड मिटत नव्हतं. बोळ्यानं दिलेलं दूध बाहेर गळायचं. शनिवारी हातात घेतली तर फासळ्या बोटांना लागल्या. मी आत्याकडे गेले. तिच्या पुढ्यात तुझ्यासाठी लावलेला दिवा. मी हळूच म्हटलं, "आते, चानीचे दात..."

"जीब झडली नाय तुजी? बाप जावन चार दीस झाले! सुतकात नखां कापूची नसतत, केस कापूचे नसतत, आनी ह्या चेडू दात कापूक निघाला. सुतक फिटांदे, मगे बघू."

सुतक फिटायला आणखी आठवडा. तोवर ती जगणार नव्हती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चुलतकाकाला विचारलं, तो म्हणाला, आत्या म्हणता ताच खरा. बाबा, तू गेलास तेव्हा मला काही करता आलं नाही. पण ही माझ्या डोळ्यांपुढं उपाशी मरणार, आणि मी दिवस मोजत बसायचं? मला सगळ्यांचा इतका संताप आला की भांडी आपटावीशी वाटली.

रविवारी सकाळी विहिरीपाशी दंतमंजन घेऊन दात घासत उभी होते. आणि बोट तोंडातच राहिलं. अगो बाई! दात कापायचे नाहीत, खरं. पण आपण चानीचे दात कधी कापले? डॉक्टर काय म्हणाला होता? घासायचा! तशीच चूळ न भरता धावत आत गेले. "आते, सुतकात दात घासलेले चालतत?"

आत्या वैतागली. "न घासून काय करतलंस? तोंड कुजवतलंस? जा, घास."

"घरातल्या सगळ्यांनी घासूचे?"

"सगळ्यांनी, सगळ्यांनी! माजा डोका खाव नको!"

देवाशपथ सांगते, चानी त्या सगळ्यांत बसत होती.

तुझी पिशवी गॅरेजातल्या माणसांनी आणून दिली होती, ती खुंटीला होती. आत कानस, फडक्यात गुंडाळलेली, आणि ट्यूबचा तुकडा. बारा वाजत आलेत. भेटायला आलेल्या बायकांत आत्या पुढं बसलीय. मी चुलीवरच्या पाण्यात कानस उकळते, तुझ्या खोलीत जाते, दार लोटते. चानीला धरायला कुणी नाही. तुझा कामाचा खाकी शर्ट घेते, ग्रीसचा वास तसाच आहे, त्याच्या बाहीत तिला घालते, तोंड तेवढं बाहेर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या बेचक्यात धरते. तिचं काळीज माझ्या मांडीला लागतंय. ट्यूब सरकवते. कानस उचलते आणि हात कापायला लागतो. ठेवते. उचलते, परत कापतो. तू कोपर कसं धरायचास? बरगडीला चिकटवून. मी कोपर बरगडीत दाबते, मनगट भिंतीला टेकवते. हात कापतोच आहे, पण आता फक्त बोटांपुरता. खर्र. ती झटका देते, कानस सरकते, ओठाला ओरखडा, रक्ताचा एक थेंब. मेले, असं वाटतं. नेलकटरचा आवाज आठवतो. श्वास घेवंक दी, मी मोठ्यानं म्हणते, तिला की मला कोण जाणे. खर्र, थांब. बोट लावून बघ, तापलाय का. खर्र, थांब. पुढं कुणीतरी मोठ्यानं रडतंय, बरं झालं, आवाज झाकला जातोय. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एका घाशीला बारीकसा तुकडा गळून शर्टावर पडला, कडा सरळ, कुठं चीर नाही. दुसरा दात. तोही. ट्यूब काढली आणि तिनं तोंड मिटलं. बाबा, तिनं तोंड मिटलं!

काजूचे दिवस होते. ओला काजूगर तिच्यापुढं धरला. तिनं वास घेतला, दोन्ही हातांत धरला आणि खायला लागली. मी तिथंच जमिनीवर बसून हसले. तुझ्या सुतकात, तोंडावर परकराचा बोळा धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

संध्याकाळी आत्यानं तिला खाताना पाहिली. वाकून तोंड बघितलं आणि मटकन खालीच बसली. "माज्या भावाचो जीव अडकल्लो तिच्यात. येवन घासून गेलो गो!" पाच दिवसांत आत्याच्या पोटात अन्न नव्हतं. त्या रात्री तिनं पेज मागून खाल्ली. आता अशा वेळी मी काय सांगणार, की आते, तो भाऊ नव्हे, हे तुझं कार्टं होतं? राहिलं ते राहिलंच. बारावं झाल्यावर मी उघडपणे घासायला लागले, तर ती लोकांना सांगायची, पहिल्या खेपेक बापूस येवन दाखवून गेलो, तेवां ह्येका येता. चानी पुढं तीन वर्षं जगली, दर तीन आठवड्यांनी मी घासले, एकदाही दात चिरला नाही, आणि नाव तुझं! दर वेळी गोष्ट वाढायची. शेवटी शेवटी तर तुझ्या चपलांचा आवाजही तिला ऐकू आला होता. पाहुण्यांना चहा देताना मी ते ऐकायचे आणि दात ओठ खायचे. तूच म्हणाला होतास, कापणाऱ्या हातात हत्यार देवचा नाय. कापणाऱ्याच हातानं केलं, बाबा. तेवढं तुला कळायला हवं होतं.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकणार? वहीतच राहील. पण एक गोष्ट मी आत्याला सांगितली नाही, आणि वर लिहितानाही गाळून गेले. विहिरीवरून आत गेले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. चानीचे दात घासायला बसले तेव्हा बारा. मधल्या वेळात, दहा वाजल्यापासून, मी चानीचा डबा मांडीवर घेऊन मागच्या पडवीत बसले होते. तू येशील म्हणून.