मुकादमाचा वस्तरा

दि. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं सगळं बदललं ते मुकादमानं तोंड उघडलं त्या क्षणी. तू म्हणशील, कॉलेज सोडल्यापासून ह्याचं दर पत्रात काहीतरी बदलतंच. पण आधी पुरतं वाच.

मामाच्या सलूनसमोरच्या शिवणकारखान्यात कावीळ ‘ब’ची तपासणी होती. मी दुकानाला दांडी मारून तिथे खुर्च्या मांडायला गेलो. का, ते तुला ठाऊक आहे. ती काजं-बटणांच्या मशीनवर बसते, म्हणून अख्खा कारखाना तिला बटण म्हणतो. बोटाला टोचून रक्त घेणं चाललं होतं. मध्येच नर्सबाईंनी मुकादमाला हळूच सांगितलं की बटणची तपासणी पुन्हा करायचीय, तिला जरा आडोशाला पाठवा. ह्या शहाण्यानं सगळी मशिनं बंद करायला लावली आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं की बटणचं रक्त खराब निघालंय, तिनं थांबावं, बाकीच्यांनी कामाला लागावं.

दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं. आता तिचं मशीन जिन्याखाली आहे. पाण्याचा पेला वेगळा, ओळखू यावा म्हणून त्याला लाल दोरा बांधलाय. महिनाअखेर काम सोडते म्हणाली. हसत म्हणाली, ते जास्त लागलं.

आणि मुकादमानं स्वतःचं रक्त कुठे दिलं? साहेबांच्या खोलीत, दार लावून. तुझी मैत्रीण त्या पथकात आहे. त्याचं काय निघालं ते तिच्याकडून काढ आणि मला कळव. त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच आवाजात त्याचं त्याला परत करतो. बाकी काही नको.

मामा-मामी खुशाल. लोभ आहेच, तो ह्या कामात दिसू दे.

तुझा,
भडक्या


दि. ९ ऑगस्ट

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी मुकादमाचा राग आला, मग तुझा. मैत्रिणीला मी विचारणार नाही, आणि विचारलं तरी ती सांगणार नाही. कुणाच्या रक्तात काय आहे हे ज्याचं त्यानं सांगायचं. वॉर्डातल्या पेशंटचं मी तुझ्या भावजींनाही सांगत नाही. त्यांचं म्हणणं, माझ्या पोटात एवढी एकच गोष्ट राहते.

आता कामाचं ऐक. हा आजार रक्तातून जातो. वापरलेली सुई, दुसऱ्याचं ब्लेड, दातांचा ब्रश. शरीरसंबंधातून जातो, आईकडून बाळाला होतो. पेल्यातून जात नाही, शेजारी बसून जेवल्यानं जात नाही. हात हातात घेतल्यानंही जात नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते. तिनं नियमित तपासणी ठेवली तर ती चांगली म्हातारी होईल आणि तुझ्या नशिबात असेल तर तुलाही म्हातारा झालेला बघेल. तिच्या घरच्यांनी मात्र तपासून घ्यावं आणि लस टोचून घ्यावी.

मैत्रिणीला मी एवढंच कळवलंय की त्या हॉलमध्ये पथकानं पुन्हा जावं आणि सगळ्यांना नीट समजावून सांगावं. ते सोमवारी, चोवीस तारखेला येतील. तोवर डोकं थंड ठेव.

तू खुर्च्या उचलल्यास, पण स्वतःचं बोट पुढे केलंस का?

मामींना नमस्कार सांग. रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. २१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं बोट टोचून झालं, काही निघालं नाही. पहिली लस घेतली. दंड ठणकतोय, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू सांगितलं नाहीस, पण मुकादमानंच सांगितलं. परवा तो दाढीला आला. खिशातून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा वस्तरा काढला आणि दुसऱ्याच्या वस्तऱ्यानं खाज सुटते म्हणाला. जन्मभर आमच्या वस्तऱ्यानं गाल घोटून घेतले, आणि आत्ता खाज. ‘आपला वस्तरा आपल्यापुरता’ हे ज्यांचं रक्त तसं निघतं त्यांना पथकवाले समजावतात, मला बटणनं सांगितलंय. मी सहज पुटपुटल्यासारखं केलं की कावीळ फार वाईट, नाही का मुकादम. आरशात त्याचा चेहरा बघायला हवा होतास. साबणाखालीसुद्धा पांढरा पडलेला कळला.

बाकावर कारखान्यातले दोघे बसले होते. एक वाक्य मोठ्यानं टाकायचा अवकाश. पण मी घाई केली नाही, मान वर करायला लावली. गळ्यावरून वस्तरा फिरवताना कानाशी सांगितलं की उद्या बटणचं मशीन जुन्या जागी जाईल, आणि जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांदेखत तिच्या पेल्यातून पाणी प्याल. नाहीतर मलाही खणखणीत बोलता येतं.

काल प्याला. दोन्ही हातांनी पेला धरून, औषध घ्यावं तसा. मी खिडकीतून पाहत होतो. मी इतका पोटभर कधी जेवलो नसेन.

आता तिला सांगायला निघतोय. भावजींना नमस्कार. अशीच माया असू दे.

तुझा,
भडक्या

ता. क. पत्र पेटीत टाकायच्या आधी तिच्या खोलीवर जाऊन आलो. वस्तरा, आरसा, सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती थांबली. सोमवारी पथकासमोर ती स्वतः उभी राहून बोलणार होती, काम सोडायचा विचारही तिनं सोडला होता, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, आता सगळे म्हणतील, मुकादमाला दया आली म्हणून जागा मिळाली. मी म्हणालो, हे सगळं तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, मी मागितलं होतं का. त्यानं माझं हॉलमध्ये फोडलं तसं तू त्याचं माझ्या खोलीत फोडलंस. उद्या आपलं बिनसलं तर माझं कुठे कुठे फोडशील?

तिनं जा म्हटलं. खोटं कशाला लिहू, मुकादमाचा तो पांढरा चेहरा अजून आठवला की गोडच वाटतं, आणि तेच बहुधा तिला माझ्या तोंडावर दिसत होतं. ती परत चिरायला बसली. मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.