माझ्या बायकोचं खरं नाव

३ जून
मंडळींचा मृत्यूचा दाखला मिळाला. नाव लिहिलंय इंदूबाई. साफ चूक! माझ्या बायकोचं नाव मृणालिनी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी स्वतः कोरलं होतं. इंदू हे माहेरचं नाव, ते मांडवातच संपलं. मी एसटीत कंडक्टर होतो, विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखायचो. इथे काहीतरी शिजतंय. पहिला संशय तिच्या भावावर, साळ्या गुणवंतवर. संकल्प: आठवड्यात दुरुस्ती.

४ जून
ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेविका दिपाली मॅडम म्हणाल्या, काका, आधारवर हेच नाव आहे. मृणालिनी नावाचा एक तरी कागद आणा. म्हटलं, एक काय, ढीग आणतो. बोलताना त्या सारख्या मोबाईल बघत होत्या. मेसेज कोणाचा होता?

५ जून, दुपार
रेशनकार्ड: इंदूबाई. मतदान कार्ड: इंदूबाई. गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक: तेच. म्हणजे हे एका दिवसाचं काम नव्हे. टोळी जुनी आहे. कागदपत्रं मंडळीच सांभाळायच्या, मी कधी उघडून पाहिली नाहीत. विश्वास ठेवला, दुसरं काय.
भात करपला. कुकरमध्ये खोट आहे.

७ जून
कागद फितूर झाले, माणसं होणार नाहीत. शेजारच्या कांताबाईंना साक्ष द्या म्हटलं. त्यांनी विचारलं, कोन व्हय मृणालिनी? आणि असं बघितलं, जणू मी दुसरी बायको लपवून ठेवली होती. संध्याकाळी बचत गटाच्या बाया मला पाहून एकदम गप्प झाल्या.
कांताबाई रोज वाटीभर वरण आणून देतात. कायले? आजपासून वास घेऊनच खाणार.

९ जून
नेरला जाऊन गुणवंतला सरळ धारेवर धरलं. उलटतपासणीत माझा हात कोणी धरणार नाही. लगेच कबूल झाला. म्हणाला, भाऊजी, ताई पयल्याच दिवाळीले आलती तवा सांगे, मृणालिनी नाव लय मोठं हाय, माह्या तोंडात बसत नाई. पन त्यायनं हौसेनं ठेवलं, त्यायले वाईट वाटन, तुमी कोनी त्यायले सांगू नोका.
म्हणजे टोळीची म्होरकी माझ्याच घरात होती. एवढी वर्षं माझ्या हातचा चिवडा खात होती आणि कळू दिलं नाही.
परतीच्या गाडीत कंडक्टरने ओळखलं नाही. मुद्दामच.

१० जून
मुलीला, समीक्षाला, यवतमाळला फोन केला. निदान पोरगी तरी बापाच्या बाजूने असेल. ती म्हणाली, बाबा, तुमी आईले मृणालिनी म्हणून एकदा तरी हाक मारली काय? तुमी तं जन्मभर 'अवं' म्हणत होते.
फोन ठेवला. तिलाही मामाने फितवलंय.

१२ जून
वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं. साक्षीदार मी एकटा. मी पुरे आहे.

१३ जून
दिपाली मॅडमनी प्रतिज्ञापत्र वाचलं. म्हणाल्या, काका, विचार करा. हे मंजूर झालं तर रजिस्टरमध्ये मृणालिनी वारल्या असं होईल. इंदूबाई वारल्याची नोंदच राहणार नाही. गॅस, बँक, सगळीकडे त्या हयातच दिसतील.
असं कोणी आधी सांगितलंच नव्हतं. कागद परत घेतला. उद्या सांगतो म्हटलं आणि झपाझप घरी आलो. का ते माहीत नाही.

संध्याकाळ
चहा ठेवला. कप दोन काढले गेले. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि हाक मारली. इंदू. पहिल्यांदाच. आवाज हळू निघाला म्हणून पुन्हा मारली, स्टँडवर द्यायचो तशी, खणखणीत. इंदू!
भिंतीपलीकडून कांताबाई म्हणाल्या, भाऊ, आता कायले हाका मारून राह्यले?
फार एकटं वाटलं. थोडा वेळ वाट पाहिली. ओ आली नाही.
दाखला बरोबर आहे.
वरण वास न घेताच खाल्लं.