लाइन आली, माय

माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितोय. आज सकाळी बाबांचा फोन आला. हो, बाबांचा! पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "लाइन आली." इथे होसूरच्या खोलीवर हे सांगू तरी कोणाला?

इंग्रजीतला हा एक शब्द तू पुरवून पुरवून वापरलास. वीज म्हणजे लाइन. वांग्यांची ओळ म्हणजे लाइन. चांदूरला रुळांपलीकडे मावशीकडे निघालो की, "सांभाळून वलांडजो लाइन." रेशनची लाइन तर होतीच. आणि अंजनगावच्या बाजारात एक पोरगा ताईकडे बघत उभा राहिला, तेव्हा कोथिंबिरीची जुडी उगारलीस, "काहून रे, लाइन मारून राहिला का? भाजी घे, नाई त निघ!" सगळी भाजीबाजाराची लाइन हसली होती.

मी कामं बदलली तेव्हाही तोच शब्द. हॉटेल सोडलं, फरशीचं काम सोडलं, गोदाम सोडलं. "एक लाइन धर ना रे बाप्पा!" धरली गं. पंख्यांच्या कारखान्यात दीड वर्ष झालं. पट्ट्यावरून पंखे येतात, मी जाळी बसवतो. त्यालाही लाइनच म्हणतात. तुला सांगायचं राहूनच गेलं.

मिरचीची रोपं लावायच्या ऐन आठवड्यात मी घर सोडलं होतं. "मले चिखलात नाई कुजायचं," असं बाबांच्या तोंडावर बोललो होतो. तेव्हापासून अबोला. तू फोनवर म्हणायचीस, "तुया बाबानं इचारलं, जेवला काय मून." खरंच विचारायचे का गं? की तूच आपली जोडून द्यायचीस?

कारखान्याच्या पहिल्या पगारातून विहिरीवरच्या मोटरला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. त्याच्या नंबरला फोन लावून एक दाबला की मोटर चालू, दोन दाबला की बंद. मग तुझं सुरू झालं. गावात लाइन आली की मला फोन.

"गजू, लाइन आली. मोटर लाव."

"तूच लाव ना, माय. सोपं हाय."

"मले नाई समजत ते आकडे. तूच लाव."

हजारभर किलोमीटरवरून मी वांग्यांना पाणी द्यायचो! मग तू कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न जमलं, ते सांगत बसायचीस. मी "हो, हो, लावली" म्हणून फोन कापायचो.

तुझ्या तेरवीला आलो तेव्हा ताईनं तुझा फोन दाखवला. त्यात विहिरीचा नंबर कितीतरी वेळा लावलेला. "माय त पहिल्याच महिन्यात शिकली होती," ती म्हणाली. "तुया फोन कारखान्याच्या गेटवर जमा असला का मायच लावे मोटर."

मला कधी प्रश्नसुद्धा पडला नाही, की माझ्या ड्युटीच्या वेळी मोटर कोण लावतं! आणि तू तरी किती लबाड, माय! 'मले करमत नाई, बोल माह्याशी' एवढं सरळ म्हटलं असतंस, तर मी कापला असता का फोन? ... कापलाही असता. तेव्हाचा मी काय सांगू.

तू गेल्यापासून बाबा हातानंच बटण दाबतात, असं ताई सांगते. त्यांनी त्या मोबाईलच्या स्टार्टरकडे कधी पाहिलंही नाही. म्हणून आजचा फोन ऐकून मी गडबडलो. "हो," एवढंच म्हणालो आणि मोटर लावली. मग कळवायला परत त्यांना फोन केला, "लागली."

"हाव. पाणी चाललं," बाबा म्हणाले.

मागून मोटरचा घरघराट येत होता. अगदी कानाशी. माय, बाबा विहिरीवरच उभे होते! हात लांब केला असता तर बटण लागलं असतं.

मधे बोलायला तू हवी होतीस. पण फोन ठेवला कोणीच नाही. किती वेळ नुसतं पाणी ऐकत होतो. शेवटी मीच घाबरून ठेवला. रडू आलं असतं ना!

या आठवडाभर शेताला सकाळचीच लाइन आहे. उद्या गेटवर फोन जमा करायच्या आधी मीच बाबांना लावीन. काय बोलीन ते माहीत नाही. नुसतं फोन धरून उभं राहावं लागलं तरी चालेल. पण तुला शब्द देतो, त्यांनी ठेवल्याशिवाय मी ठेवणार नाही.

तुझा,
गजू