बिजागरीखालचा निळा

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र आलं. अकरा महिन्यांनी आलं आणि तेही साडेतीन ओळींचं. सर मला कॉलेजात परत घ्यायला तयार आहेत, अर्जाची शेवटची तारीख तीस आहे, हो की नाही एवढंच कळव, भाषण नको. खाली सही, आणि सहीच्या आधी काहीच नाही. 'तुझी' नाही, 'आपली' नाही, 'कळावे'सुद्धा नाही. मी ते इतक्या वेळा वाचलंय की कागद घडीवर फाटायला आलाय. 'परत' या शब्दावर पेन जरा जास्त दाबलंय असं मला तीनदा वाटलं. चौथ्यांदा कागद उलटा करून मागून बोट फिरवून पाहिलं. सगळेच शब्द सारखे दाबलेत. तू काही बदलली नाहीस.

हो की नाही ते शेवटी सांगतो. आधी भाषण. तुला घाई असेल तर शेवटचं पान आधी वाच, पण तू तसं करणार नाहीस हे मला माहीत आहे. पुस्तकसुद्धा प्रस्तावनेपासून वाचणारी मुलगी तू.

मी सध्या जुनं फर्निचर रंगवतो. खरं म्हणजे रंग बनवतो, आणि रंगवणं त्याच्या पोटात येतं. कॉलेज सोडल्यावर बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना आईला सांगायचे, त्याला विचार भात हवा का. मी त्यांच्या शेजारीच बसलेलो असायचो. पंधरा दिवस हे ऐकल्यावर घराबाहेर पडलो आणि एका दारावर पाटी दिसली, 'रंग ढवळायला माणूस पाहिजे'. म्हटलं, याहून खालचं काम जगात नसेल, आपल्याला हेच शोभतं. आत एक लांबट खोली, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, पाय वर करून पडलेली टेबलं, आणि साठीच्या एक बाई. त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्यांनी विचारलं, शिक्षण किती? म्हटलं, अर्धवट. त्या म्हणाल्या, "रंग अर्धवट ढवळलेला चालत नाही. बाकी चालेल."

मावशींचे बारा रंग आहेत. बाजारातल्या डब्यांवर नुसते आकडे असतात, मावशींच्या शेडकार्डावर प्रत्येक रंगाखाली चार ओळींत त्याची हकीकत असते, की हा कुठून आला, कुणी वापरला, कशामुळे मागे पडला. ते कार्ड यंदा नव्याने छापायचं होतं आणि त्या ओळी लिहायचं काम माझ्यावर आलं. जर्नल वेळेवर न देणारा म्हणून साऱ्या वर्गात गाजलेला मी, तीन महिने वाचनालयात बसून रंगांच्या कुंडल्या काढत होतो. मावशींची अट एकच, कार्डावर थाप नको. काही चटकदार लिहून नेलं की चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "कुठं वाचलंस?" आणि मला पान दाखवता आलं नाही की कागद परत माझ्या हातात.

तुला आवडेल अशा गोष्टी आहेत त्यात. आमचा गेरू बघ. गुहांच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वी ज्या लाल मातीने माणसांनी जनावरं काढली, तीच जात. उन्हात ठेवा, पाण्यात ठेवा, तो आपला ढिम्म. मावशी म्हणतात, हा रंग तुझ्या स्वभावाच्या अगदी उलट आहे. मग एक हिरवा आहे, ज्याची आम्ही फक्त नक्कल करतो. दीडदोनशे वर्षांपूर्वी लोक त्याच्यासाठी वेडे झाले होते. भिंतीचा कागद हिरवा, कपडे हिरवे, टोपीवरची खोटी पानंसुद्धा हिरवी. त्यात सोमल होता. विष. दिसायला इतका ताजा, की विष आहे म्हणून सांगूनसुद्धा लोक बरीच वर्षं तो सोडायला तयार नव्हते. हे लिहिताना मला का कोण जाणे, स्वतःचीच आठवण आली. आणि एक निळा आहे, जो पूर्वी दगड कुटून करायचे. कधी कधी तो सोन्यापेक्षा महाग पडायचा, म्हणून चित्रकार तो जपून ठेवत आणि चित्रातल्या सगळ्यांत मानाच्या व्यक्तीच्या वस्त्राला लावत. हे वाचल्यावर मी कुणाला निळ्या वस्त्रात बघितलं असेल ते तुला सांगायला नको. मावशींनी विचारलं, वाचतोयस का हसतोयस. म्हटलं, वाचतोय.

पण जो निळा गरिबालाही परवडू लागला, त्याची गोष्ट वेगळी. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एक रंग बनवणारा लाल करायला बसला होता. त्याला लागणारा क्षार त्याने दुसऱ्याकडून आणला होता आणि तो शुद्ध नव्हता, जनावराच्या तेलाने खराब झालेला होता, असं सांगतात. लाल काही होईना. भांड्यात बसला तो गडद निळा. ओळखलास ना? आपल्या परीक्षानळीत लोह सापडलं की तळाशी जो बसतो, तोच हा. वाचनालयात ते पान उघडं ठेवून मी किती वेळ बसलो होतो. त्याच्या मळक्या क्षारातून निळा निघाला आणि जगभर गेला. माझ्या मळक्या नळीतून निळा निघाला आणि मी घरी गेलो.

हो, मळक्या नळीतून. त्यावर येतो, पण आधी कपाटाचं सांगू दे, कारण त्या कपाटाशिवाय हे वाक्य माझ्याकडून लिहून झालं नसतं.

महिन्यापूर्वी एक शिंपीणबाई दोऱ्यांची रिळं ठेवायचं छोटं कपाट घेऊन आल्या. त्यांनी दुकान थाटलं तेव्हा त्यांच्या नवऱ्याने ते स्वतः रंगवून दिलं होतं. नवरा आता नाही, दुकानही बंद केलंय, पण कपाटाचे पापुद्रे निघायला लागले म्हणून आणलं. म्हणाल्या, होता तसाच निळा द्या. मी कपाटाकडे बघितलं. कपाट हिरवं होतं. थोडंफार नाही, चांगलं शेवाळासारखं हिरवं. म्हटलं, बाई, हे हिरवं आहे. म्हणाल्या, निळं आहे, मी रोज बघते. मी म्हटलं, हिरवं. त्या म्हणाल्या, निळं. असं चार वेळा झालं. आणि मग, मोजपट्टी, माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी म्हणालो, मग डोळे तपासून घ्या. कपडा आणि दोरा जुळवण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या बाईला मी डोळे तपासायला सांगितलं. एवढ्यावर थांबलो नाही. एका फळीवर त्याच हिरव्याचा नमुना लावला, कपाटाला टेकवला आणि म्हणालो, बघा, दिसतोय फरक? फरक शून्य होता. इतका हुबेहूब रंग मी आधी कधी जुळवला नव्हता. बाईंनी फळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मावशींना म्हणाल्या, रंगवू नका, कपाट मी परवा घेऊन जाते. आणि गेल्या.

मला वाटलं मावशी आता झाडणार. मी उत्तरं जुळवून तयार होतो. त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, दाराची वरची बिजागरी काढ. स्क्रू गंजले होते, बराच वेळ गेला. बिजागरी निघाली आणि तिच्याखाली दोन बोटं रुंदीची पट्टी दिसली. निळी. तोच आपला नळीतला निळा, कालच लावल्यासारखा. निळा बघितला आणि माझे कान लाल झाले.

झालं असं होतं की नवऱ्याने आधी रंग दिला, मग बिजागऱ्या बसवल्या आणि मग सगळ्यावरून वार्निशचा हात फिरवला. वार्निश वर्षागणिक पिवळं पडत जातं. निळ्यावर पिवळं चढलं की दिसायला हिरवं. हे पहिलीच्या मुलाला कळतं आणि मला, अर्धवट का होईना पण रसायनवाल्याला, कळलं नाही. मावशी म्हणाल्या, जुन्या चित्रांचंही असंच होतं, आभाळ हिरवट दिसतं आणि वरचं वार्निश पुसलं की निळं निघतं. म्हणून या धंद्यात दर्शनी बाजूवर रंग जुळवायचा नसतो, आधी झाकलेली जागा उघडायची. कापसाच्या बोळ्याला द्रावण लावून मी तो दारावर हळूच फिरवला. बोळा कोऱ्या चहासारखा झाला आणि त्याच्याखाली नाण्याएवढं निळं उमटलं. बाई रोज बघत होत्या म्हणून त्यांना रंग बदललेला कळलाच नाही. त्यांच्यासाठी तो पहिल्या दिवशी होता तोच राहिला होता. चुकीचं बघत असूनही त्या बरोबर होत्या, आणि मी बरोबर बघत असून चुकलो होतो.

मावशी एवढंच म्हणाल्या, "दार काढ आणि घेऊन जा त्यांच्याकडे." मी म्हटलं, निरोप पाठवतो. त्या म्हणाल्या, निरोपाला पाय नसतात, तुला आहेत.

भर दुपारी काखेत कपाटाचं दार घेऊन मी रस्त्याने निघालो. एकाने विचारलं, नुसतं दार विकतोस का रे? बाईंनी घराचं दार उघडलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, माफी मागायला आला असशील तर आधी ते खाली ठेव, हात भरून येईल. मी निळा ठिपका दाखवला. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग उठल्या, सुईदोरा आणला आणि मला म्हणाल्या, ओव. मी तीनदा प्रयत्न केला, दोऱ्याला चौथ्यांदा थुंकी लावली तेव्हा त्यांनी सुई काढून घेतली आणि एका फटक्यात ओवली. म्हणाल्या, "डोळे कुणी तपासायचे ते ठरव बाबा." आणि इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. माझी चूक अंगावर घेऊन मी हसतोय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मग चहा करता करता त्यांनी विचारलं, एवढ्याशा गोष्टीवर इतका भडकतोस कशाला, कोणी चटका दिलाय का तुला. आणि मी सगळं सांगितलं. प्रॅक्टिकल, नळीतला निळा, सर म्हणाले या क्षारात लोह नाही, मी म्हणालो आहे, मग आवाज, मग दार आपटणं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, नळी धुतली होतीस का?

नाही. असं मी म्हणालो. मोठ्याने, त्यांच्या स्वयंपाकघरात, हातात कप घेऊन.

आधी प्रयोग करून गेलेल्या गटाच्या द्रावणाचे थेंब तिच्यात होते. तू मला सांगितलं होतंस, आधी विसळून घे. मी म्हटलं होतं, वेळ नाही. आणि निळा आल्यावर मला इतका आनंद झाला की तो माझा नाही हे मला मान्य करायचंच नव्हतं. सरांनी विचारल्यावर मी म्हणालो नळ्या धुणं मामांचं काम आहे. प्रयोगशाळेतले मामा, जे मला कधी कधी जास्तीचा वेळ देऊन दार उघडं ठेवायचे, त्यांना माझ्यामुळे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. तू तिथंच उभी होतीस. तू एक शब्द बोलली नाहीस, आणि मी दहा महिने तुझ्यावर रागावलो ते त्यासाठी, की तू माझी बाजू घेतली नाहीस. घ्यायला बाजू होती कुठे? तू गप्प बसून माझी लाज राखलीस हे मला शिंपीणबाईंचा चहा पिताना कळलं. आणि मग कॉलेजच्या फाटकाशी, तू माझ्यामागे आलीस तेव्हा, मी तुला म्हणालो, यायचं तर आत्ता ये, नाहीतर कधीच नको. तू घड्याळ बघितलंस, प्रॅक्टिकलची वीस मिनिटं उरली होती, आणि तू आत गेलीस. दोघांचं काम एकटीने पुरं करायला. मला वाटलं तू माझ्यापेक्षा घड्याळ निवडलंस. किती गाढव असावं माणसाने.

कपाट आता पूर्ण निळं झालंय. नवा रंग लावलाच नाही, फक्त वरचं पिवळं काढलं आणि उडालेल्या जागा भरल्या. कार्डावरच्या निळ्याखालच्या चार ओळी मावशींनी एका वाचनात पास केल्या. बाबा परवा माझ्या कामावर येऊन गेले. एका खुर्चीवरून हात फिरवत मावशींना म्हणाले, त्याला विचारा, ही कुणी केली. मावशी म्हणाल्या, तोच उभा आहे, तुम्हीच विचारा. त्यांनी विचारलं.

आता तुझं उत्तर. नाही. मी परत येत नाहीये. रागाने नाही, हे तुला पटावं म्हणून एवढं सगळं लिहिलं. मला सकाळी उठून इथे यावंसं वाटतं, मोजपट्टी, आणि असं मला तुझ्या शेजारी उभं राहण्याखेरीज कशाचंच वाटलं नव्हतं. पण तीस तारखेला मी कॉलेजात येणार आहे. आधी मामांकडे, मग सरांकडे. नळी मी धुतली नव्हती, हे दोघांना तोंडावर सांगायचंय, आणि जमलं तर वर्गासमोरही. गेल्या वर्षी मी कॉलेज सोडलं नव्हतं, पळून गेलो होतो. आता नीट सोडायला येतोय. त्या दिवशी ऑफिसच्या रांगेजवळ मी दिसलो तर तुला वाटेल अर्ज भरायला आलाय, आणि तू कदाचित खूश होशील, आणि मग मला पुन्हा एकदा तुझं तोंड पडलेलं बघावं लागेल. ते नको, म्हणून हे पत्र आधी. सरांकडून बाहेर पडलो की मी फाटकाशी थोडा वेळ थांबेन. तुझं प्रॅक्टिकल असेल तर ते पुरं कर. आलीस तर बरं वाटेल, नाही आलीस तरी तुझ्याबद्दल मला जे वाटतं त्यात काही फरक पडायचा नाही. यावेळी अट नाही.

तुझाच, भडकायच्या आधी आता दहा आकडे मोजणारा (काल सातपर्यंत पोचलो),
काडेपेटी