देवयानीकडे जाणारी वाट

प्रिय सिग्ने,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, बटण दाबलं की आपोआप तारा दाखवणारी दुर्बीण मिळत असताना तू ते लाकडी धूड का आणलंस?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज नीट सांगते.

दुकानदारही तेच म्हणत होता. मग मी आपल्या बेटावरच्या तारे बघणाऱ्या मंडळातल्या टॉर्किल्डला गाठलं. जन्मभर होड्या बांधलेला म्हातारा, जिभेला हाड नाही. म्हणाला, "अगं टपालवाले, भिंगाचं नंतर बघू. आधी दुर्बीण एकटीनं उचलून अंगणात नेता येते का ते बघ. नाहीतर तिच्यावर टॉवेल वाळत घालशील." मी उचलून पाहिली, जमलं. तळाशी वीतभर आरसा, खाली लाकडी पेटी, हातानं ढकलली की फिरते. बस्स.

पहिले चार दिवस काळोखाशिवाय काही दिसेना. वर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीत सगळं उलटं. मी इकडे ढकलावं नि तारा भलतीकडे पळावा. चंद्र एवढा मोठा, तोसुद्धा हरवला! टॉर्किल्ड पोट धरून हसला. "तीस वर्षं पत्रं वाटलीस ना? मोठ्या रस्त्यावरून गल्लीत, गल्लीतून दारात. इथंही तसंच." मग वाट सांगितली. देवयानी तारकासमूहातल्या मधल्या ठळक ताऱ्यावर थांबायचं, तिथून शेजारच्या शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेनं दोन मंद तारे ओलांडायचे, दुसऱ्याच्या शेजारी देवयानी दीर्घिका. तो कागदावर लिहून देत होता, मीच नको म्हटलं.

जानेवारीतल्या एका सोमवारी, सहालाच मिट्ट काळोख झालेला. मधला तारा. एक मंद. दुसरा. आणि कडेला, काचेवर श्वास सोडावा तसा धुरकट डाग. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड, सिग्ने, आणि पोचला कुठं, तर माझ्या डोळ्यात! मी मुद्दाम दुर्बीण हलवली आणि ती दीर्घिका पुन्हा शोधली. तीनदा. तिन्ही वेळा सापडली. थंडीनं बोटं बधिर झाली होती, पण आत जावंसं वाटेना.

नोव्हेंबरात डोळे तपासायला गेले होते म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं. मी स्मरणशक्तीच्या तपासणीला गेले होते. त्याआधी एकदा, ज्या रस्त्यावर जन्म गेला तिथंच सायकल धरून उभी राहिले. घर कुठल्या बाजूला ते आठवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विसरणं सुरू झालंय, हळूहळू वाढत जाईल. मी विचारलं, नवीन काही शिकता येईल का? म्हणाल्या, "शिकून बघा." म्हणून मला बटण नको होतं. आजवर नऊ वाटा शिकले, त्यातल्या दोन विसरले. सात आहेत. नुसती वाईट बातमी द्यायची नव्हती, म्हणून इतके दिवस थांबले. ईस्टरला ये. मी शोधत असेन तेव्हा शेजारी बस. चुकले तरी बोट दाखवू नकोस, मला वेळ दे. पण मी स्वतःहून विचारलं, तर न रडता सांग.

तुझीच,
आई