पहिली ओळ सोडून

२४ ऑगस्ट, शनिवार
आजपासून रोजनिशी. कारण: शिस्त. क्वेता घरात नसण्याशी याचा संबंध नाही. बायको चार दिवस बहिणीकडे गेली म्हणून माणूस वही घेऊन बसत नाही. ती ओलोमोउत्सला आहे. चार दिवसांना परवा अकरा आठवडे होतील.

जाताना दारात म्हणाली, "लुबोश, तू कुठेच नसतोस." मी खुर्चीत होतो. तसं सांगितलंही.

संकल्प. एक: रोज सात किलोमीटर चालणे. दोन: बिअर एकच. तीन: क्वेताचा डबा शोधून तो विषय एकदाचा संपवणे.

डब्याचं असं आहे. क्वेताला जिओकॅशिंगचं वेड. अनोळखी लोक जंगलात डबे लपवतात, जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतात. दुसरे अनोळखी लोक ते हुडकतात, आतल्या वहीत सही करतात, डबा परत लपवतात आणि घरी जातात. बक्षीस काही नाही. चांगली शिकली-सवरलेली माणसं! माझ्या पन्नाशीला तिने गावामागच्या जंगलात स्वतःचा एक डबा लपवला आणि म्हणाली, शोध. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. त्याला पंधरा वर्षं झाली. मध्ये बरीच कामं निघाली.

२५ ऑगस्ट, रविवार
राडकाचा ब्रनोहून फोन. मुलगी फोनवरून फोनच शिकवते. अ‍ॅप घातलं. खात्याचं नाव मी ठेवलं: अचूक६५. अडतीस वर्षं जमीनमोजणी खात्यात काढली, अर्ध्या जिल्ह्याच्या हद्दी मी आखल्या. एक डबा काय लपणार?

राडकाने एक कामाचं सांगितलं. कुणाला डबा सापडला आणि त्याने अ‍ॅपवर नोंद केली की डबा ठेवणाऱ्याला लगेच मेल जाते. म्हणजे क्वेताला. योजना तयार. मंगळवारी शोधायचा, नोंद करायची, मेल जाईल, ती काय ते समजेल. गुरुवारपर्यंत घरी. शुक्रवारी तिच्या हातचे, आत प्लम घातलेले उकडीचे गोळे.

राडका म्हणाली, "बाबा, आईने त्या पानावर लिहिलंय ते आधी नीट वाच. आणि पेन्सिल ने." पान पाहिलं. वर्णन लांबलचक, बायकी. आकडे तेवढे उतरवून घेतले.

२७ ऑगस्ट, मंगळवार
नवे बूट. पाठीवरच्या पिशवीत थर्मास, पावात घातलेलं तळलेलं कटलेट, लोणच्याची काकडी, तीस मीटर टेप, होकायंत्र.

झाडांवर पिवळ्या पट्ट्या रंगवलेल्या वाटेने गेलो. आकडे टेकडीपर्यंतच आणतात; पुढे अ‍ॅपवर एकच खूण दिली आहे: "बुडख्यापाशी." पंधरा वर्षांपूर्वी तिथे स्प्रूसची दाट झाडी होती आणि बुडखा एक असेल. मग किडा लागला आणि वनखात्याने टेकडीवरची सगळी झाडं कापून काढली. आता बुडखे मोजले. ३१२.

सत्तावीस तपासले. एका रुंद बुडख्यावर बसून जेवलो. त्याला एक चपटा दगड टेकवलेला आहे, पाय ठेवायला सोयीचा. डबा नाही. अ‍ॅपवर तसं लिहायचं असतं म्हणे: "सापडला नाही." लिहिलं नाही. तीही मेल तिलाच जाते.

१ सप्टेंबर, रविवार
गुडघा. विश्रांती.

बिअर दोन. दुसरी गुडघ्यासाठी.

४ सप्टेंबर, बुधवार
मैदानाची शास्त्रशुद्ध विभागणी. खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या, पाच-पाच मीटरचे चौकोन. नव्वद बुडखे झाले. जेवण त्याच बुडख्यावर. दगडावर पाय.

वरच्या मजल्यावरच्या मिकेशोवाबाई टोपली घेऊन आल्या. अळंब्या वेचत होत्या. माझ्या दोऱ्या बघून म्हणाल्या, "लुबोशराव, इथे टोमॅटो लावताय की काय?" मी म्हटलं, सर्वेक्षण आहे. म्हणाल्या, "क्वेताचा डबा ना? अहो, तो तर माझ्या नातीला पाच मिनिटांत सापडला. सांगू कुठे आहे ते?"

नको म्हटलं. मग मोजणीला काय अर्थ?

जाताना दोन अळंब्या देऊन गेल्या. घरी लोण्यावर परतल्या. क्वेता त्यात जिरं घालते. जिऱ्याची बरणी कुठे असते ते माहीत नाही.

८ सप्टेंबर, रविवार
वाटेत लाल बेरी भरपूर. मूठभर खाल्ल्या. मॉसवर पाठ टेकून आडवा झालो, वर सुतारपक्षी ठोकत होता, ऊन पोटावर. काहीतरी वाटलं. बराच वेळ वाटत राहिलं. बहुधा रक्तदाब.

घरी येऊन मोजला. नॉर्मल होता.

११ सप्टेंबर, बुधवार
१८४ बुडखे. शून्य.

दुसऱ्यांच्या नोंदी वाचल्या. पंधरा वर्षांच्या दोनशेच्या वर आहेत. सगळ्यांचा मजकूर साधारण सारखा: "सुंदर वाट. पहिली ओळ सोडून सही केली. डबा होता तसा ठेवला. आभार." पहिली ओळ सोडणं हा त्या लोकांतला शिष्टाचार दिसतो. जसं पत्राला समास सोडतात.

शेवटची नोंद गेल्या शनिवारची. येहलावाच्या दोन बायका. त्यांनाही सापडला म्हणे. लोक काय वाट्टेल ते लिहितात.

१५ सप्टेंबर, रविवार
पाऊस. राडकाचा फोन. "बाबा, आईशी बोललास?" म्हटलं, योजना सुरू आहे. म्हणाली, "योजना नको रे. नुसता फोन कर." म्हटलं, फोनवर काय बोलणार? तिने फोन ठेवला नाही. मीही नाही. फोन चालूच होता.

१८ सप्टेंबर, बुधवार
३१२ पैकी ३११ झाले. उरलेला एक म्हणजे मी ज्यावर जेवतो तो. तिथे बारा वेळा बसलो आहे, डबा असता तर कळलं असतं. तेव्हा निष्कर्ष: डबा हरवला आहे.

डबा हरवला असेल तर नवा ठेवणं ही एक सेवाच. व्हिटॅमिनच्या गोळ्यांची नळी रिकामी केली. आलेखाच्या कागदाची छोटी वही करून तीत घातली, नळी चौकोन १४४ मध्ये ठेवली. आत सही. नियम म्हणजे नियम: पहिली ओळ सोडली, दुसरीवर केली. राडकाने सांगितलेली पेन्सिलही आतच ठेवली, खरं वाटावं म्हणून.

मग नोंद केली, अगदी प्रथेप्रमाणे: "डबा सापडला. पहिली ओळ सोडून सही केली. डबा होता तसा ठेवला. आभार. अचूक६५."

मेल गेली. झालं. घरी येऊन तीन बिअर. समारंभाच्या.

१९ सप्टेंबर, गुरुवार
क्वेताचा फोन! सकाळी सव्वानऊ.

म्हणाली, "लुबोश, डबा उघडलास?" हो म्हटलं. "आतलं सगळं वाचलंस?" म्हटलं, शब्दन् शब्द. "आणि पहिली ओळ सोडलीस." म्हटलं, अर्थात.

नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सरळ उत्तर दिलंस. शनिवारी यारमिलभावजींचा टेम्पो घेऊन येते."

टेम्पो! म्हणजे सामानासकट परत येते आहे. भावना आवरत नव्हत्या तिला, आवाजावरून कळत होतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार
कपाटाचा अर्धा भाग रिकामा केला. खिडक्या पुसल्या. मिकेशोवाबाईंना विचारून प्लम आणले. म्हणाल्या, "गोळे तुम्ही करणार? क्वेता बेशुद्ध पडेल." जिऱ्याची बरणी सापडली. मिठाच्या मागे असते.

२१ सप्टेंबर, शनिवार
टेम्पो दहाला आला. रिकामा.

शिवणयंत्र, तिच्या आईचा साइडबोर्ड, हिवाळी कोट, अळंब्या वाळवायच्या जाळ्या. यारमिल माझ्या नजरेला नजर देत नव्हता. साइडबोर्ड दारातून जाईना. मी टेप आणून दार मोजलं, तिरका करून जाईल म्हणून सांगितलं. गेला.

क्वेता स्वयंपाकघरात उभी राहिली. गोळे पाहिले. म्हणाली, "हे तू केलेस?" हो म्हटलं. म्हणाली, "तुला मला काहीच म्हणायचं नाही?" मी म्हटलं, शिवणयंत्र उभं ठेवा, आडवं नेलं तर तेल सांडतं.

गोळे तसेच राहिले. बावीस होते. विशेष काही वाटलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
कपाटाचा अर्धा भाग रिकामाच होता. आता तिचे कोट होते तो दुसराही तितकाच रिकामा आहे. समतोल.

डब्याच्या पानावर आज नवी नोंद. कोणी नवरा-बायको, त्रेबीचचे: "गंमतच. वाटेत गोळ्यांची एक नळी सापडली, आत एकच सही. खरा डबा नेहमीच्या जागी, छान स्थितीत. पहिली ओळ अजून रिकामी! कधी येणार हो ते गृहस्थ?"

कोण गृहस्थ?

पानाच्या सुरुवातीला जाऊन क्वेताचं वर्णन वाचलं. सगळं. शेवटी असं आहे: "वहीची पहिली ओळ माझ्या नवऱ्यासाठी राखून ठेवली आहे. तो येणार आहे. कृपया दुसऱ्या ओळीपासून सही करा."

दोनशेहून जास्त माणसांनी ती सोडली आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार
क्वेताचा मेसेज. तिलाही त्या नोंदीची मेल गेलीच असणार. "म्हणजे तू डबा उघडलाच नव्हतास. हसावं की रडावं कळेना. डबा अजून तिथेच आहे, आत पत्र आहे. रविवारपर्यंत ठेवते. मग मी तो उचलणार."

उत्तर पाठवलं: "मिळाला मेसेज."

२५ सप्टेंबर, बुधवार
पाऊस. ओल्या जंगलात पुरावे दिसत नाहीत.

२६ सप्टेंबर, गुरुवार
पाऊस नाही. पण येईलसा वाटत होता.

२८ सप्टेंबर, शनिवार
सुट्टी, संत वात्स्लावचा दिवस. अशा दिवशी वाटेवर गर्दी फार. उद्या नक्की.

२९ सप्टेंबर, रविवार
मिकेशोवाबाई दारात. बूट घालून. "चला. मी काही सांगणार नाही, नुसती बरोबर येते." वाटभर त्या बोलत होत्या, मी पट्ट्या मोजत होतो.

जेवायच्या बुडख्यावर बसलो. दगडावर पाय ठेवला. बाई माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मग मीही बघितलं.

दगड उचलला. मागे पोकळी. पोकळीत डबा.

वहीचं पहिलं पान. वर क्वेताच्या अक्षरात "१." आणि पुढे रिकामी ओळ. पंधरा वर्षांत कागद पिवळा पडला आहे, ओळ कोरी आहे. तिच्याखाली सह्याच सह्या, मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, एक कुत्र्याच्या पंजाची.

पत्र दहा जूनचं. म्हणजे घरून निघाली आणि आधी इथे आली. बॅग घेऊन चढली असणार टेकडी. लिहिलं आहे: "लुबोश, मला फुलं नकोत, माफी नको. तू इथपर्यंत चालत आलास आणि पहिल्या ओळीवर नाव लिहिलंस तर मी परत येते. नाही लिहिलंस तरी रागावणार नाही, मला कळेल. क्वेता."

दोनदा वाचलं. छातीत काहीतरी झालं. दुखलं असं म्हणता येईल.

बाईंनी टोपलीतून पेन्सिल काढली. "घ्या." मी घेतली. टोक पाहिलं. अडतीस वर्षांत कायमची नोंद मी कधी पेन्सिलीने केली नाही. पेन्सिल कच्च्या नकाशाला. हद्द शाईने आखतात. इतक्या वर्षांनी लिहायचं तर नीट लिहावं. शिवाय तारीख कोणती घालायची, आजची की पन्नाशीची, हाही प्रश्न होताच.

बाई म्हणाल्या, "अहो, नुसतं नाव लिहा ना! मी हात जोडते." त्यांचा आवाज चढला होता. मी समजावलं की उद्या सकाळी शाईचं पेन घेऊन येतो, आठला. घाई कशाला?

डबा होता तसा ठेवला.

उतरताना बाई भराभर पुढे निघून गेल्या. अळंब्यांकडेही बघितलं नाही त्यांनी.

३० सप्टेंबर, सोमवार
आठला पोचलो. खात्यातलं जुनं शाईचं पेन, टिपकागद, सगळं घेऊन. दगड बाजूला ठेवलेला होता. पोकळी रिकामी. आत दोन गोगलगाई.

अ‍ॅपवर एक ओळ आली होती: "डबा कायमचा बंद. पंधरा वर्षं आलेल्या सगळ्यांचे आभार." वेळ साडेसात. म्हणजे क्वेता पहाटेच्या गाडीने आली असणार. वाटेत भेटली नाही. ती निळ्या पट्ट्यांनी उतरली असेल.

बुडख्यावर बसलो. जेवण नेलं नव्हतं. सुतारपक्षी होता.

खुंट्या काढल्या, दोऱ्या गुंडाळल्या. घरी आलो. पेन इतकी वर्षं पडून होतं, चालतं की नाही ही शंका होती, म्हणून इथे करून पाहिलं.

लुबोश व्राबेत्स
लुबोश व्राबेत्स
लुबोश व्राबेत्स

उत्तम चालतं.